बोअर

मनगटातून तार आत गेली तेव्हा
मी छताकडं बघत मनातल्या मनात व्हर्निअर लावत होतो.
तीन मिलिमीटर, डॉक्टर मगदूम म्हणाले, लांबी अठरा.
एवढ्या बारीक नळीत कुणी जाळी बसवली असती
तर उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये
त्याला चहा पाजून विचारलं असतं,
टॉलरन्स किती धरलास?

खरं काम आता पुढं, ते म्हणाले.
बाहेरचं लोखंड आत आलंय हे रक्ताला कळलं
की प्लेटलेट धावत येतात.

मला लगेच ओळख पटली.
आमच्या पेठेतल्या तालमीची पोरं ती!
चौकात नुसती सायकल पडली
तरी शर्टात हात घालत येणार,
कुणी कुणाला मारलं न विचारता
एकमेकांच्या गळ्यात गळा घालून रस्ता अडवणार.
बोट कापलं तर ह्यांच्याच जिवावर जगायचं.
जाळीवर जमली तर ह्यांच्याच हातानं जायचं.

म्हणून दोन गोळ्या, वर्षभर, खाडा न करता.
शालननं कॅलेंडरवर
दुधाच्या खाड्यांशेजारी गोळ्यांच्या फुल्या सुरू केल्या.

महिन्यानं राजारामपुरीतल्या लॅबमधली नसीम अत्तार म्हणाली,
काका, दुसरी गोळी तुमच्या रक्ताला लागूच होईना.

पोरं ऐकत नव्हती.
मी उगाच थोडा सुखावलो.
जिना उतरताना मात्र कठडा धरला.

गोळी बदलली. महागातली, दिवसातनं दोनदा.

काल शौकत रजेवर, म्हणून लेथला मीच उभा.
बरीनं बोट चिरलं, पाव इंच.
एरवी फुंकर मारून विसरलो असतो.
वेस्ट कॉटन लाल झालं. दुसरं घेतलं.
चार दहा.
चार वीस.
कूलंटच्या पांढऱ्या पाण्यात थेंब पडत राहिले.

साठ वर्षं न बोलावता आली ती सगळी
आता कट्ट्यावर बसून होती,
गोळीनं खांदे दाबून बसवलेली.
हेच तर हवं होतं मगदूमांना.
मलाही हवं होतं.
तरी गल्लीच्या तोंडाकडं बघावं
तसा मी बोटाकडं बघत राहिलो.

चार सव्वीसला एखादं उठलं असावं.
मग त्याच्यामागं एक.
सावकाश, गुडघे दुखणाऱ्या वस्तादासारखं,
आधी विचारत,
काय झालंय नक्की?

बोट वर धरून मी तसाच उभा.
जॉब अजून चकमध्ये होता,
शेवटचा कट राहिलेला.