अंगठ्याचं माप

आधी वास आला.
कापल्या लव्हाळ्याचा नव्हे, ओल्या मेंढीचाही नव्हे,
शाळेतल्या खोडरबराला काडी लावावी तसा.
बाबानं ट्रॅक्टर थांबवला, किल्ली काढून
माझ्या खिशात टाकली.
हा त्याचा नियम: जिचे हात आत जाणार
किल्ली तिच्याकडे.

वेल्समधला फेब्रुवारी, शेवटचा आठवडा.
मार्च लागला की झुडपं पाखरांची,
मग त्यांना हात लावायचा नाही.
आणि ढगानं तर डोंगर
नाकापर्यंत पांघरून घेतलेला.

बाजूचं झाकण. सहा बोल्ट, सहावा नेहमीचा हट्टी.
आत चार पट्टे शेजारीशेजारी,
गिअरबॉक्सकडून खाली पात्यांच्या रुळाकडे.
तीन जुने, कडा चकचकीत,
जणू रोज कुणी पुसून ठेवतं.
चौथा ऑक्टोबरात टाकलेला:
त्याचे धागे निघालेले, पोट कोळशासारखं.
"नवाच कसा गेला?"

ऑक्टोबरात एकाचेच पैसे मोजले होते त्यानं.
मी म्हणाले, जुने लांबलेले असतात बाबा,
नवा आखूड. ओझं सगळं आखडलेल्यावर येतं.
बाकीचे नुसते फिरतात.
बघणाऱ्याला मात्र चौघंही कामावर दिसतात.

म्हणाले, आणि जीभ चावली.
गेथिन कार्डिफला, यॉर्वर्थ तिकडे पर्थला.
रविवारी दोघांचे फोन येतात,
पाऊस कसा आहे विचारतात.

बाबानं माझ्याकडे पाहिलं नाही.
पिकअप घेऊन गेला,
दीड तासानं चार पट्टे घेऊन आला,
एकाच कागदी पट्टीत बांधलेले, एकाच मापाचे.
किंमत सांगितली नाही. मीही विचारली नाही.

ताणाचा नट सैल केला, जुने हातानंच निघाले.
पेचकसानं उचकटायचे नसतात:
पुलीची कड दुखावते,
आणि दुखावलेली कड पुढच्या पट्ट्याला चावत राहते.
खाचा ब्रशनं घासल्या. लोकर निघाली,
एक काटा, निळ्या सुतळीचं गुंतवळ.
दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरली,
चार जागी टेकायला हवी, तीनच जागी टेकली.
खालची पुली नखभर बाहेर.
बुश सैल करून, लाकडाचा ठोकळा लावून
दोन टोले. तिसरा मारायला गेले तर म्हणाला,
"पुरे."

मग ताण.
तुटेपर्यंत ताणू नये, असं सगळेच सांगतात.
सैल सोडलं तर जळतं,
हे सांगायला कुणी येत नाही.
पान्याला पाव वळण. अंगठ्यानं दाब.
पुन्हा पाव वळण. जास्त झालं तर बेअरिंग रडेल,
अर्धं वळण मागे.
पुस्तकात मिलिमीटर दिलेत. बाबाचा अंगठा
पूर्वी कधी बेलरमध्ये सापडून पेरभर आखूड झालाय,
त्याचं माप मला चालत नाही.
"तुझ्यानं बघ, हेलेध."
मधोमध दाबलं. थोडं खाली गेलं,
आणि माझा अंगठा वर ढकलत
परत आलं.

अर्धा तास लव्हाळं कापलं. वास नाही.
मग त्यानं मुद्दाम थांबवलं,
किल्ली पुन्हा माझ्याकडे.
झाकण उघडलं तर पट्टे कोमट, आणि सैल.
"नवे आहेत. बसेपर्यंत अंग टाकतात.
एकदा ताणून कुणाचं भागत नाही."
मी पाना लावला. तो वाऱ्याला पाठ करून उभा,
खिशात हात घालून,
कुंपणापलीकडे बघत.

"रविवारी फोन वाजला," तो म्हणाला,
"तर मी घेईन."

मी नट आवळला.
सहावा बोल्ट या खेपेला
निमूट बसला.
उजेड होता तोवर
वरचं वावर झालं, आणि खालचं निम्मं.