हिंग लावून

मारोठिया बाजारात नेमीचंदजींचं दुकान
एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं
तर नोकराला बाहेर यावं लागतं.
पाटी नाही. विचारलं, तर म्हणाले,
"पाटी कशाला, मॅडम? लोकांना नाक आहे ना."

हे आमच्या गृहपाठाचं दुकान.
दोन विद्यापीठांचा मिळून एक अभ्यासक्रम :
अर्धा वर्ग इंदूरला, अर्धा बडोद्यात,
मधे पडदा, आणि पडद्यावर
दीड सेकंद उशिरा पोचणारं हसू.
(करारावर नाव आधी कुणाचं,
यात चार महिने गेले.
शेवटी दोन वेगळ्या प्रती काढल्या.)

सव्वीस वर्षं मी फळ्यावर बाजार शिकवला.
त्या बाजाराला आता
बाजारात कुणी हिंग लावूनही विचारत नाही,
म्हणून यंदा वही घेऊन मागच्या बाकावर.
समोर शिकवायला मुस्कान चौरसिया,
गेल्या साली माझ्याच पेपरात
काठावर पास झालेली.
"मॅडम, शब्द कमी करा.
तीन सेकंदांत अंगठा पुढे सरकतो."

तीन सेकंद!
माझी नुसती प्रस्तावना
चाळीस मिनिटांची असे.

बडोद्याच्या ध्वनितनं फोटो उजळून पाठवले :
खडे असे, जणू खडीसाखर.
"इतका मातकट बरा नाही दिसत."
मुस्कान इथून कडाडली,
"भिया, हिंग मातकटच असते!"
मग भांडण शब्दांवर. लोक शोधतात काय लिहून?
मराठीत तो हिंग,
उंबरा ओलांडला की ती हींग,
बडोद्याला तर वघारापासूनच सुरुवात.
तासभर हेच.
कुठल्याच धड्यात नव्हता इतका जिवंत तास.

आठवड्यानं आकडे आले.
अकरा हजार चारशे जणांनी पाहिलं,
नऊशे थांबले,
मागवला सात जणांनी.
त्यातल्या एकानं, ग्वाल्हेरच्या,
डबी परत पाठवली. चिठ्ठीत एवढंच :
फार उग्र आहे.

पोरांचे चेहरे पडले, दोन्ही शहरांत,
तिकडचे दीड सेकंद उशिरा.

नेमीचंदजींनी आलेखाकडे बघितलंच नाही.
"परत आली? द्या इकडे."
झाकण काढलं, डोळे मिटले,
आणि कापडानं डबी पुसत म्हणाले,
"ग्वाल्हेरला जाऊन आली,
तरी जशीच्या तशी."

मुस्काननं तेवढ्यात चिठ्ठीचाच फोटो काढला.
घडी पडलेला कागद, निळी शाई,
फार उग्र आहे.
खाली दुकानाचा पत्ता. बाकी काही नाही.
मी मनात मोजलं :
एक, दोन,
अंगठा हलला नव्हता.

माझ्या वहीला अजून वास येतो.
या भागाला गुण किती द्यायचे
ते करारात नाही,
दोन्ही प्रती उघडून पाहिल्या.