डोंगर-काहीतरी

टॉडमॉर्डनच्या गुरुवारच्या जुन्या बाजारात
डोरीनच्या टेबलाखाली ती बसली होती,
पोटात खिळे भरलेली. काळी, बुटकी,
अंगभर बारीक पुटकुळ्या,
गारठ्यात काटा उभा राहावा तशा.
"बारा पौंड," डोरीन म्हणाली, "खिळे सोडून."
मी नऊ दिले.
खिळे तिने पावाच्या रिकाम्या पिशवीत ओतून घेतले.
बसमध्ये मांडीवर ठेवली, तर हेब्डन ब्रिज येईतो
मांडी बधिर.

मी तांबटाची मुलगी.
भांडं हाती आलं की आधी उलटं करते,
मग टिचकी मारते, मग वास घेते.
ठोक्याची खूण शोधली. एकही नाही.
नाना असते तर बाजूला सारून म्हणाले असते,
ओताऱ्याचं काम आहे, आपलं नव्हे.
त्यांच्या लेखी भांडी दोनच प्रकारची:
घडीव, आणि बाकीची.

फ्रिजवरचा व्हिटबीचा खेकडा काढला,
त्याच्या पाठीचं चुंबक लावून पाहिलं.
पोटाला चिकटलं. झाकणाला नाही.
लोखंडी अंगावर काशाचं झाकण,
झाकणावर एक कळी, सैल,
हलवली की किणकिणणारी.
आत तांबडा गंज, आणि तळाशी
तीन लोखंडी चकत्या,
कुणी घाईघाईत डाग दिल्यासारख्या.
त्या उचकटायला
मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेसुद्धा होते.

हिसाए ब्रेथवेट हॅलिफॅक्सला राहते.
नवरा गेल्यापासून जपानी
फक्त मांजराशी बोलते.
तिने झाकण उलटं करून खिडकीशी धरलं.
आतल्या बाजूला तीन अक्षरं.
"पहिलं, डोंगर. शेवटचं, याने केली."
"आणि मधलं?"
नखाने चाचपलं, ओठ हलवले.
"कुणीतरी फार घासलंय."
गाव नाही, साल नाही.
डोंगर-काहीतरी याने केली, एवढंच.
म्हटलं, मग डोंगरेच असणार,
आमच्या वर्गात दोन होते.
तिने ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

चिंच आणि मीठ घेऊन मी नळाकडे वळले
तर तिने मनगट धरलं.
"घासायची नाही. कधीच नाही.
कडक हिरवा चहा उकळ, गंज काळा पडेल."
हिरवा चहा नव्हता.
कपाटात मागे हिरडा होता, जुन्नरचा,
वहिनीने पोटासाठी बांधून दिलेला.
हिरडा आणि लोखंड: म्हणजे शाईच की,
पोथ्या लिहायचे तसली.
पाणी बघता बघता काळं झालं.
हिसाएने वास घेतला, नाक मुरडलं,
आणि मान डोलावली.

तिसऱ्या उकळीला पाणी निवळ आलं,
आणि तळाच्या त्या तीन चकत्या
बोलायला लागल्या.
"बिघाड नाही तो," हिसाए म्हणाली,
"आवाजासाठीच लावतात.
पाइनच्या झाडांतला वारा म्हणतो आम्ही त्याला."
मला तसा नाही वाटला.
शेजारच्या खोलीत कुणी काही सांगत असावं,
सूर कळावा आणि शब्द कळू नयेत,
तसा वाटला.
मग ती मांजराच्या भाषेत
किटलीला काहीतरी म्हणाली.
मी अर्थ विचारला नाही.
गॅस बारीक केला.

पुढल्या गुरुवारी डोरीनने हटकलं.
"काय निघालं मग ते?"
हिरडा, डोंगरे, झाडांतला वारा,
कुठून सुरुवात करणार?
"किटली," मी म्हटलं.
"ते मलाही ठाऊक होतं," ती म्हणाली,
आणि खाली वाकून
फाटक्या पिशवीतून सांडलेले खिळे
एकेक करून वेचत राहिली.