दोस्ता

चार मुलींवर पाचवी आली
तेव्हा रादोयेनं डोक्यावरची टोपी काढली नाही
की प्लमची दारू शेजाऱ्यांना पाजली नाही.
बर्फ उंबऱ्यापर्यंत चढलेलं.
पाद्री वही उघडून बसलेला, दौतीवर फुंकर मारत,
कारण शाई गोठत होती.
"नाव?"
"दोस्ता," बाप म्हणाला. म्हणजे, पुरे.

आपल्या कानांना ही हाक वाटते,
खांद्यावर हात टाकून मारलेली.
माँटेनेग्रोच्या त्या डोंगरात तो पूर्णविराम आहे.
आपल्याकडची नकुशी हिची मावसबहीण लागते.
दोघी भेटल्या नाहीत कधी,
भेटल्या असत्या तर ओळख सांगावी लागली नसती.

पूर्णविरामाचा उपयोग शून्य.
दोन वर्षांनी सहावी आली.
बापाकडे शब्दच उरला नव्हता.
आधल्या दिवसापर्यंत आई चेरीच्या बिया काढत होती,
नखं अजून लाल होती तिची,
तिनंच सांगून टाकलं, विश्न्या. आंबट चेरी.
दोस्ता म्हणायची, दोन वर्षं कळ काढली असती
तर मीही फळ झाले असते.

जेवताना तर तिची धांदल.
सूप वाढताना कुणी "पुरे" म्हटलं
की ही मान वर करायची.
काका म्हणायचा, पुरे. पाहुणा म्हणायचा, पुरे.
चमचा तोंडाशी आणि मान वर, खाली, वर.
नवऱ्याच्या घरी गेली तेव्हा सासूनं
पहिल्याच रात्री मोठा डाव हातात दिला :
वाढ तू. कुठे थांबायचं ते तुला कळत असेल.
तिला कळत नव्हतं. ताटं ओसंडायची.

एका उन्हाळ्यात राजधानीतून एक लेखक आला,
वरच्या कुरणात सहा आठवडे राहिला,
हिच्या हातची साय खाल्ली, हिचं बोलणं लिहून घेतलं.
पुस्तकात ती झोराना झाली. पहाट.
कमरेपर्यंत वेणी, आणि दोनशे बाराव्या पानावर नदीत उडी.
(विषमज्वरात केस गेले होते तिचे,
नदीत ती फक्त लोकर धुवायची.)
नाव का बदललं, असं तिनं विचारलं तेव्हा तो हसला :
पहिल्याच ओळीत "पुरे" वाचलं
तर वाचक पुस्तक मिटेल, बाई.
तिला वाचता येत नव्हतं. पुस्तक तिनं
चीजच्या पिंपावर वजन म्हणून ठेवलं.
चांगलं जड होतं.

आता ती सत्त्याऐंशीची.
विश्न्या गेली, वरच्या चौघी त्याआधीच.
संध्याकाळी टीव्ही लावते, आवाज मोठा.
परवा चौकात माणसंच माणसं,
पोरं, बर्फात उभी, तोंडातून वाफ,
पुठ्ठ्यांवर लाल रंगात एकच शब्द.
आणि मग सगळे मिळून ओरडायला लागले,
दोस्ता! दोस्ता! दोस्ता!

विश्न्याची नात क्सेनिया हसून लोळली :
अगं, ते सरकारला म्हणतायत.
"असेल," ती म्हणाली, आणि काठी शोधू लागली.
खुर्चीतून उठायला तिला वेळ लागतो.
तोवर त्यांनी आणखी तीनदा हाक मारली.