दुसरा झटका

गुरुवारची वीज ठरवून जाते. धायरीत तिचं कुणाला काही नसतं,
पाणी भरलेलं, मिक्सरचं काम उरकलेलं.
मी सांगतोय ती रविवारची, रात्री पावणेदोनची,
न सांगता गेलेली.
गॅलरीतून पाहिलं तर थेट पर्वतीपर्यंत
एक ठिपका नाही.
बायको म्हणाली, पंखा.
मला आठवलं सतरा नंबर.

बत्तीस वर्षं दापोडीला टेस्ट बेडवर होतो.
इंजिनं चालवून बघायची, एवढंच काम.
बाकीची जायची साखर कारखान्याला, हॉस्पिटलला.
सतरा नंबर अणुवीज केंद्राचं.
त्याच्या कागदावर लाल शाईत एकच अट:
दहा सेकंदांत पूर्ण वेग, पहिल्या झटक्यात.
दुसऱ्या झटक्याला फॉर्मवर रकानाच नव्हता.

मी हसलो होतो. जिल्हाभर वीज वाटणारं घर,
त्याला कशाला हवं डिझेलचं उसनं?

तपासणीला आलेल्या सरपोतदार बाईंनी
बशीतल्या चहात बोट बुडवून टेबलावर रेघ ओढली.
ही लाइन. हिच्यावरून वीज बाहेर जाते,
आणि गरज पडली की हिच्यावरूनच आत येते.
ती तुटली की आधी स्वतःपुरतं रांधून बघायचं.
नाही जमलं, तर रॉड खाली.
"खाली कोण सोडतं?"
"कुणी नाही. चुंबकानं धरलेले असतात, वीज गेली की चुंबक सुटतो.
पडायला वीज लागत नाही, ढमढेरे."

दोन-तीन सेकंदांत विझतं.
आणि विझत नाही.
लाकडं ओढली तरी चुलीत निखारे राहतात ना,
शंभरातले सहा-सात,
तासाभरानं दीड,
मग आठवडेच्या आठवडे, हट्टानं.
त्यांना पाणी पाजायला पंप,
पंपाला वीज, आणि विजेला तुमचं सतरा नंबर.
"ते उठेपर्यंत?"
"बॅटऱ्या. डोळे उघडे ठेवण्यापुरत्या."
"नाहीच उठलं तर?"
"भिंतीपलीकडे दुसरं आहे, वेगळ्या टाकीवर."
"तेही नाही?"
बाई थोडा वेळ त्या ओल्या रेघेकडे बघत राहिल्या.
"गरम पाणी आपोआप वर चढतं. बॉयलर त्यासाठीच उंचावर आहेत.
तेवढ्यात आपण धावायचं."

शंभर वेळा गार करून शंभर वेळा उठवायचं होतं.
नव्व्याण्णवाव्या वेळी अकरा सेकंद.
हवेच्या व्हॉल्व्हात कापसाचा एक धागा सापडला,
माझ्याच चिंधीचा.
बाई तेव्हा हात धुवायला गेल्या होत्या.
सांगावं की नको, हे ठरवायला मला
दहा सेकंदांहून जास्त लागले.
मग पुन्हा एकपासून.

तर रविवारी टॉर्च घेऊन सहा मजले उतरलो.
तळघरात सोसायटीचं जनरेटर,
बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी, दिवाळीपासून कुणी हात लावलेला नाही.
सेक्रेटरी पोफळे बर्म्युडात उभे. "सर्व्हिसिंग झालंय, बिल आहे माझ्याकडे."
चौथ्या मजल्यावर गुजराथींच्या आईचं ऑक्सिजनचं मशीन
एकसारखं टिटटिट करत होतं, ते जिन्यातून खाली ऐकू येत होतं.
पोफळ्यांचीच गाडी तळघरात घ्यायला लावली,
बॉनेट उघडलं, वायरी जोडल्या.
पहिला झटका. नुसती खोकली.
मी वर बघितलं नाही.
दुसरा.

लागली.
गुजराथींच्या जिन्यातला दिवा आधी पिवळा, मग पांढरा झाला.
मनात मोजत होतो, पण कुठून सुरुवात केली तेच आठवेना.

तिकडे समुद्राकाठी लाइन पडली होती का, माहीत नाही.
पडली असेल तर सतरा नंबर उठलं असेल.
उठलं की त्याची बातमी होत नाही.

चार वाजता पुण्याची वीज आली, बाल्कन्यांतून ओरडा झाला,
सगळे झोपायला गेले.
मी पायरीवर बसलो होतो, हाताला डिझेलचा वास.
पोफळे वाकून विचारत होते,
हे आता बंद कुठून करायचं.