किल्ल्याकडची खोली

पाठाऱ्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं.
तळ्याकडची हवी तर अकराशे,
पहाटे कौपिनेश्वराची घंटा, संध्याकाळी वारा.
चेंदणीत मेहुणीकडे एक खोली आहे,
पंखा कुरकुरतो, पण बोंबील ताजे.
किल्ल्याकडची सातशे. नुसती भिंत दिसते.

नुसती, म्हणाले ते.

जुनं ठाणं बघायला आलात ना,
मग तळंच बघा, ताई.
किल्ला पोर्तुगीजांनी काढला, मराठ्यांनी घेतला,
इंग्रजांनी त्याला कुलूप लावलं,
एवढं त्यांनी पेन शोधता शोधता सांगून टाकलं.

येण्याचं कारण, या रकान्यात
मी लिहिलं, पर्यटन.
अक्षर उतरत उतरत शेजारच्या रकान्यात गेलं.

पिशवीत दोन बनियन, चष्मा नव्या काचांचा,
आणि डिंकाचे लाडू, जे आत घेत नाहीत
हे आईला तीनदा सांगून झालंय.

खिडकी अर्धीच उघडते.
दगडातून पिंपळ निघालाय, पाचसहा पानांचा.
वर बुरुजावर एक दिवा,
खाली रिक्षावाल्यांचं भांडण, सुट्ट्या पैशांवरून.

रोहिदासला कुणी विचारलं नव्हतं
कुठल्या बाजूची हवी म्हणून.

उद्या मुलाकतीत जाळीआडून तो पहिलं हेच विचारेल,
कुठे उतरलीस?
समोरच.
भाडं?
मी पाचशे सांगेन.

रात्री दिवा मालवला नाही मी.
तिकडून ही खिडकी दिसत नसणार.
तरी.