दोन घेतले

सोहारच्या बंदरामागे, थंड खोलीत
बारा डिस्कांचं कपाट घुमतंय.
त्यात गोदामांचे हिशेब, जहाजांच्या वेळा.
पण झोपलं, की त्याला उठवायचं कुणी?

शिहाबच्या दुकानात काचेखाली
पेनड्राइव्ह, खजुराच्या भावात.
"हा घे, फास्ट आहे."
फास्ट नको रे. प्लास्टिकही नको.
गेल्या ऑगस्टात एसी बसला,
तेव्हाचा निळा अजून ड्रॉवरमध्ये आहे,
एका कडेने मऊ होऊन गोठलेला.

धातूचा घेतला, आखूड. दोन घेतले.
एक कपाटाच्या पोटात, झाकणाआड,
मोफिजुलच्या झाडूचा धक्का पोचत नाही तिथे.
रोजच्या नोंदी रॅमकडे वळवल्या,
फार लिहायला लावलं की हे लवकर मरतात.

"दुसरा कशाला?" खलफान विचारतो.
मी चिकटपट्टीवर तारीख घालतो.
सांगतो, वेंगुर्ल्याच्या घराची एक किल्ली
शेजारी सुलभाकाकूंकडे असते.
त्याचा मामा म्हणे खजुराच्या बुंध्यात खोचायचा.
मग बागच विकली.

रात्री वीज गेली, आली.
आधी पंखे. मग हिरवा ठिपका
लुकलुकला, थांबला.
खलफानने माझं मनगट धरलेलं.
मग कुरकुरत, एकेक करून,
डिस्का.